पुण्यात राहून समुद्रावर बोट चालवायला शिकतोय : धक्क्याला लागणं, भरती-ओहोटी आणि इतर शंका

कोथरूडचा_खलाशी

नमस्कार मंडळी.

आयडीवरून हसू नका. घेतला तेव्हा नुसती हौस होती, आता प्रकरण वाढलंय. मी, बायको आणि ऑफिसातलं एक जोडपं अशा चौघांनी मुंबई बंदरात पॉवरबोटचा दोन दिवसांचा कोर्स केला. मित्राच्या मेहुण्याची २१ फुटी फायबरची बोट मांडव्याला असते. एक आउटबोर्ड (मागे बाहेरच्या बाजूला लटकणारं) इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर, बाकी थाटमाट काही नाही. हिवाळ्यात ती आम्हाला द्यायला तो तयार आहे. अट एकच, पहिल्या खेपेला त्याचा खलाशी बरोबर असणार.

बेत असा आहे की मांडव्याहून सकाळी निघायचं, खांदेरी बेट बाहेरून टाकून अलिबाग, चौल करत रेवदंड्याच्या खाडीत शिरायचं. रात्री तिथेच. दुसऱ्या दिवशी जमलं तर मुरूड, नाहीतर परत. मांडवा ते रेवदंडा साधारण १७ सागरी मैल भरतात, म्हणजे आमच्या वेगाने दीड-दोन तास.

मोकळ्या पाण्यात बोट चालवणं जमतंय. घोडं अडतंय ते धक्क्याला लागताना. कोर्समध्ये पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला बोट लावली, पण तेव्हा वारा पडलेला होता आणि शेजारी शिक्षक उभे होते. दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडला रिव्हर्समध्ये गाडी लावणारा माणूस आहे मी, पण तिथे खालचा रस्ता सरकत नाही! इथे बोट सरकते, पाणी सरकतं, वारा ढकलतो, आणि धक्क्यावर दहा माणसं बघत उभी असतात.

तर कुणी हे नियमित करत असेल तर सांगा. धक्क्याला लागायचं तंत्र काय, निघायचा दिवस आणि वेळ कशी ठरवायची, आणि पुण्यात बसून यातला कुठला भाग घोटता येईल? यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ भरपूर बघून झालेत.

पेठेतला_पाहुणा

रुमाल टाकून ठेवतोय. बाकी एक शंका, दुपारी १ ते ४ बोट बंद राहणार ना?

थळवाला

पाहुण्यांनी चेष्टेत खरं सांगून टाकलं. आमच्याकडे थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यालगत पाणी सपाट. साधारण अकरा-बाराला तो पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग वायव्येकडून खारा वारा चालू होतो. दोन-तीन वाजेपर्यंत लाटांवर फेस दिसायला लागतो. २१ फुटी बोटीत तेव्हा अंग खिळखिळं होतं. बायकापोरं बरोबर असतील तर पुन्हा कुणी येणार नाही तुमच्याबरोबर.

त्यात खाडीच्या तोंडाशी वेगळाच प्रकार. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि खारा वारा आत ढकलतोय, असं झालं की तिथे पाणी उभं राहतं. लाट उंचीला फार नसते, पण आखूड आणि उभी. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाऊन खाली येते न येते तोच दुसरी समोर. म्हणून दुपारी १ ते ४ बोट खरंच बंद ठेवा.

आणि खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यावर. चढत्या पाण्यात गाळात बसलात तर थोड्या वेळाने पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात बसलात तर पुढची भरती येईपर्यंत डबे उघडून गप्पा मारा.

भरतीची वेळ काढायला आमचा आजा तिथीला पाऊणने गुणायचा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बारा. दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजायची. हा ढोबळ हिशोब झाला, मिनिटाला धरून बसू नका. निघताना छापील भरतीचं कोष्टक बघाच. पण पुण्यात कालनिर्णयसमोर उभं राहून तारीख ठरवायला एवढं पुरतं.

कोथरूडचा_खलाशी

थळवाला, दंडवत घ्या. तिथीचा हिशोब आत्ताच आईला सांगितला, तिला पाऊणकी अजून पाठ आहे. म्हणजे खरी नॅव्हिगेटर घरातच होती.

कायदेशीर_कटकट

आयडीला जागून आधी कटकट. मित्राच्या मेहुण्याची बोट असली तरी तिचे कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नोंदणी, तपासणी, विमा, आणि विमा कुणी चालवताना लागू होतो ते. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे येतं. व्हीएचएफ रेडिओ संच ठेवायलाही परवाना लागतो, तो आहे का विचारा. मोबाइलवर विसंबू नका. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की रेंज येते-जाते, आणि ओल्या हाताने स्क्रीन चालत नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही चौघांच्याही फोनमध्ये. रेडिओवर चॅनेल १६.

लाइफ जॅकेट बोटीत ‘असणं’ आणि अंगावर असणं यात फरक आहे. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या फेरीचा अपघात झाला, त्यानंतर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. तरी पडते, कारण फोटोत जॅकेट बरं दिसत नाही.

किल कॉर्डचंही तेच. ती लाल पिळाची दोरी चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा मनगटाला. माणूस पडला की इंजिन बंद. गळ्यात अडकवून हिंडणारे महाभाग पाहिलेत, म्हणून लिहिलं.

जुना_बोसन

सहकारनगरात राहतो, मर्चंट नेव्हीतून निवृत्त. आयुष्य मोठ्या जहाजांवर गेलं, लहान बोटी नंतर हौसेने चालवल्या. धक्क्याला लागण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्या विषयावर ऐकीव ज्ञान फार फिरतं.

पहिली गोष्ट, धक्क्याच्या शंभर मीटर अलीकडे न्यूट्रलमध्ये थांबा आणि नुसतं बघा. बोट कुणीकडे वाहतेय? वाऱ्याकडे बघू नका, बोटीकडे बघा. नांगरलेल्या होड्यांची तोंडं कुठे आहेत, बोयाच्या (नांगरलेल्या तरंगत्या खुणेच्या) मागे पाण्याची शेपटी कुठल्या बाजूला ओढलीय, त्यावरून प्रवाह कळतो. मग जे जास्त जोरात असेल, वारा किंवा प्रवाह, त्याच्या उलट दिशेने धक्क्याकडे या. उलट आलात तर तेच तुमचा वेग खाऊन टाकतं, आणि इंजिन हळू चालू असूनही सुकाणूला पकड राहते. पाठीमागून प्रवाह घेऊन आलात तर थांबण्यासाठी रिव्हर्सचा जोर लागतो, आणि त्यातच गडबड होते. ही बाजू सोयीची नाही हे दिसत असूनही लांबून वळसा घ्यायचा कंटाळा करणारेच धक्क्याला ठोकतात.

दुसरी, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला टांगायच्या गाद्या) आणि दोर हे सगळं लांब असतानाच तयार. फेंडर धक्क्याच्या उंचीला बांधलेत का बघा. कोर्समध्ये पाँटून होता म्हणून ते पाण्यालगत बांधले असतील. आपल्याकडच्या दगडी धक्क्याला ओहोटीत बोट खाली असते, तिथे फेंडर वर हवेत. दोर रेलिंगच्या वरून नाही, खालून बाहेर काढून मग वर घ्या. अन्यथा ऐनवेळी ताण रेलिंगवर येतो आणि रेलिंग हातात येतं.

तिसरी, आउटबोर्डचं मर्म. या बोटीला सुकाणूचं वेगळं पातं नसतं, पंखा ज्या दिशेला ढकलेल तिकडे बोटीची मागची बाजू जाते. न्यूट्रलमध्ये चाक कितीही फिरवा, जवळजवळ काही होत नाही. म्हणून आधी चाक, मग गिअर. हे इतकं घोटा की हात आपोआप त्याच क्रमाने जावा.

समजा धक्का डावीकडे घ्यायचाय. साधारण तीस अंशाच्या कोनात, नाळ धक्क्यावर तुम्हाला थांबायचंय त्या जागेकडे ठेवून या. क्षणभर गिअर, मग न्यूट्रल, परत क्षणभर गिअर. नाळ धक्क्यापासून बोटीच्या अर्ध्या लांबीवर आली की चाक पूर्ण उजवीकडे आणि पुढचा गिअर एकच टिचकी. नाळ बाहेर वळते, मागची बाजू आत येते. आता न्यूट्रल, चाक पूर्ण डावीकडे, आणि मग रिव्हर्सची एक टिचकी. मागची बाजू धक्क्याकडे ओढली जाते आणि बोट थांबते. बरोबर जमलं तर धक्क्यापासून वीतभर अंतरावर बोट उभी राहते आणि कुणालाही उडी मारावी लागत नाही.

उडीवरून आठवलं. उडी मारायची नाही. बोट आणि धक्का यांच्या मध्ये हात किंवा पाय घालायचा नाही. या २१ फुटी बोटीचं इंजिनासकट वजन टनाच्या घरात जातं, ती पायाने थोपवली जात नाही. फायबरला चरा पडला तर पडू दे, तो भरता येतो.

जमत नसेल तर बाहेर या, वळसा घ्या, परत करा. ‘आता आलोच आहोत तर लावून टाकू’ या विचारात बोटी फुटलेल्या पाहिल्यात. दहा माणसं बघताहेत म्हणता ना? ती उद्या तिथे नसणार.

पेठेतला_पाहुणा

बोसनकाका, वाचनखूण साठवली. मी बोट चालवणार नाही, पण बघणाऱ्या दहांत असेन.

वल्हेकरी

पुण्यात काय घोटता येईल यावर माझे दोन पैसे. सीओईपीच्या बोट क्लबवर वल्ही मारलेला माणूस आहे, रेगाटाच्या आधीची धावपळ अजून स्वप्नात येते. वल्ह्याच्या बोटीत एक गोष्ट अंगात मुरते. तुम्ही थांबलात तरी बोट थांबत नाही, आणि ती किती पुढे जाणार याचा अंदाज डोळ्याला यायला लागतो. धक्क्याला लागण्याचं अर्धं काम तोच अंदाज. नदीत जलपर्णी नसते त्या दिवसांत कुठे तरी वल्ही मारायला मिळतात का बघा. एनडीएच्या मुलांचं पाण्यावरचं शिक्षणही खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्येच होतं. धरणाच्या पाण्यावर नाविक घडतात, तेव्हा ‘पुण्याला समुद्र नाही’ ही सबब चालायची नाही. फक्त खडकवासल्यात स्वतःची मोटरबोट घेऊन जायचा विचार मनातही आणू नका, ते पिण्याचं पाणी आहे.

गाठी मात्र घरी. बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) आणि क्लीटला, म्हणजे बोटीवरच्या खुंटीला दोर अडकवायची गाठ, एवढ्या दोन. बाल्कनीच्या कठड्यावर, अंधारात, दोर ओला करून. सोसायटीतले लोक चौकशी करतील, करू द्या.

सिंहगडरोडवाली

मी नेहमी दोराच्या टोकाला असते, चाकाच्या नाही. त्या टोकाचंही ऐका.

चाकावरचा माणूस ओरडतो. सगळे ओरडतात, माझा नवरा एरवी आवाज न चढवणारा, तोही ओरडतो. इंजिनाच्या आवाजात ‘सोड’ आणि ‘ओढ’ सारखंच ऐकू येतं. त्यामुळे आम्ही हातवारे ठरवून टाकलेत. मूठ वर म्हणजे थांब, तळवा खाली म्हणजे हळू, बोटांनी अंतर. मी नाळेवरून अंतर दाखवते, तो बोलत नाही. निघायच्या आधी किनाऱ्यावर पाच मिनिटं बसून कोण कुठला दोर घेणार, कोणता आधी बांधणार हे ठरवा. घरात जे भांडण झालं असेल ते मांडव्यालाच मिटवा.

आणि धक्क्यावरचे मदतनीस! लोक चांगले असतात, धावत येतात, तुम्ही पुढचा दोर फेकलात की जीव खाऊन ओढतात. एकदा एका जेट्टीवर एका दादांनी पुढचा दोर असा खेचला की नाळ धक्क्याला आणि बोटीची मागची बाजू फिरून शेजारच्या होडीवर. आपला दोष नसताना ती होडीवाली मावशी मला बोलली, आणि बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून मी पुढचा दोर देतच नाही. मधल्या क्लीटचा दोर आधी देते आणि मोठ्याने सांगते, ‘दादा, नुसता अडकवा, ओढू नका.’ ‘दादा’ आधी म्हणायचं, मग सूचना.

जुना_बोसन

ताई, मधल्या क्लीटचा दोर आधी, हे लाखमोलाचं. तो एक दोर बसला की चाकवाल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

नॉरफोककर

मूळचा सदाशिव पेठेतला, बरीच वर्षं व्हर्जिनियात. धागाकर्त्यांनी अमेरिकन व्हिडिओ बघितल्याचं लिहिलंय, त्यावर तातडीने एक धोक्याची सूचना.

इथले सगळे व्हिडिओ सांगतात की बंदरात परतताना लाल बोया उजव्या हाताला ठेवा. भारतात उलट आहे. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स एकीकडे. भारत, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया दुसरीकडे. तुमच्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. इथलं घोकून तिथे गेलात तर मुंबई बंदराच्या चॅनेलच्या, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेच्या, बरोबर चुकीच्या बाजूला सापडाल. समोरून कंटेनर जहाज येत असताना हे कळणं बरं नाही.

बाकी धक्क्याचा विषय निघालाय म्हणून इथल्या मरिनांबद्दल, म्हणजे हौशी बोटी लावायच्या तळांबद्दलही सांगतो. आमच्या गावापासून किनाऱ्याच्या आतून फ्लोरिडापर्यंत जाणारा जलमार्ग सुरू होतो, शून्य मैलाची खूण नॉरफोकलाच आहे. नद्या, खाड्या, कालवे जोडून केलेला रस्ता. त्यावर नवशिके खूप असतात. समुद्राची लाट नाही, पण पूल आहेत. स्थिर पुलांखाली साधारण ६५ फूट उंची मिळते असं धरतात, शिडाची डोलकाठी त्याहून उंच असेल तर दुसरा मार्ग. उघडणारे पूल काही ठिकाणी ठरलेल्या वेळीच उघडतात, तोवर प्रवाहात जागच्या जागी बोट धरून ठेवावी लागते. तेच सर्वात चांगलं शिक्षण, धक्का नसताना धक्क्याचा सराव.

मरिनात शिरण्यापूर्वी रेडिओवर बोलतो. बोटीची लांबी, रुंदी, किती पाणी लागतं हे सांगायचं, आणि विचारायचं की जागा कुठली, कुठली बाजू लावायची, धक्का तरंगता की स्थिर, आत्ता प्रवाह किती. नवशिके शेवटचा प्रश्न विसरतात. ‘सगळ्यात टोकाची, बाहेरची जागा द्या’ अशी विनंती केली तर बहुतेक ठिकाणी देतात. दोन बोटींच्या मधल्या फटीत घुसण्यापेक्षा ते बरं.

कोथरूडचा_खलाशी

बोयांचं वाचून घाम फुटला. व्हिडिओ बघताना लाल उजवीकडे हेच डोक्यात बसलं होतं, आणि कोर्सच्या वहीत उलट लिहिलंय ते मी लिहिताना चुकलो असेन असं समजत होतो. आता चाकाशेजारी डाव्या हाताला लाल चिकटपट्टी लावणार.

रेवदंड्यात मरिना नाही हे माहीत आहे. मग रात्री बोट नेमकी कशी ठेवायची? धक्क्याला बांधून की नांगरून?

जुना_बोसन

मरिना म्हणावी अशी गोष्ट आपल्या देशात मोजकीच. कोचीला बोलगाट्टीची आहे. मुंबईत गेटवेसमोर बोटी मुरिंगला (तळाशी कायम पक्क्या केलेल्या बोयाला) बांधलेल्या असतात, आणि माणसं छोट्या होडीने ये-जा करतात. रेवदंड्यात तर प्रश्नच नाही.

धक्क्याला रात्रभर बांधून झोपायचं असेल तर भरती-ओहोटीचा फरक लक्षात घ्या. मुंबईच्या आसपास उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी चार-साडेचार मीटरने वर-खाली होतं. घराच्या एका मजल्याहून जास्त. भरतीला दोर घट्ट बांधून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत बोट दोरांना लटकलेली असेल. पुढचा आणि मागचा दोर लांब, लांबवरच्या खुंट्यांना, आणि बाजूचे तिरके दोर, म्हणजे स्प्रिंग. तरीही रात्री उठून बघावं लागतं.

पाणी एकसारखं चढत नाही हेही ध्यानात असू द्या. सहा तासांत फरकाचे बारा भाग धरा. पहिल्या तासाला एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. फरक ३.६ मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला जवळपास ९० सेंटिमीटर. प्रवाहही तेव्हाच सर्वात जोरात. धक्क्याला लागणं आणि सुटणं या दोन तासांत टाळा, नवशिक्यांनी तर नक्कीच.

त्यापेक्षा नांगरा. नांगराचा दोर मोजताना आत्ताची खोली नव्हे, भरतीची खोली धरायची. आत्ता ३ मीटर पाणी आहे, अजून ३ चढणार, नाळ पाण्यापासून १ मीटर वर, झाले ७. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर दोर, आणि नांगराजवळ काही मीटर साखळी. मग इंजिन हळू रिव्हर्समध्ये घेऊन नांगर धरतोय का बघा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पकडा, एखादं झाड आणि मागचं देवळाचं शिखर. त्या खुणा एकमेकींपासून सरकल्या तर नांगर ओढला जातोय. आणि ओहोटीला खाली किती पाणी उरेल तेही मोजा. गाळात बोट बसली तर बिघडत नाही, खडकावर बसली तर बिघडतं.

थळवाला

काकांचं बरोबर. त्यात भर. खाडीत होड्या जिथे उभ्या आहेत तिथेच जाऊन मध्ये नांगर टाकू नका. त्या ओहोटी-भरतीला फिरतात, तुमच्या दोरात अडकतात, आणि पहाटे तीनला धंद्यावर निघालेल्या माणसाचा तुमच्यामुळे खोळंबा होतो. आधी विचारा. बंदरावर गेलात की एखादा नाखवा दिसेल, ‘काका, रात्रीपुरती बोट कुठं लावू?’ एवढंच. जागाही सांगतील, आणि खाली दगड कुठं आहेत तेही. नकाशात सगळे दगड नसतात.

वाटेतलं सांगतो. खांदेरी-उंदेरी आणि थळ यांच्या मधून जाऊ नका, खडक आहेत, बाहेरून जा. अलिबागसमोर चौल कडूचा खडक आहे, तोही लांब ठेवा. डोलीची जाळी लावलेले खांब दिसतील, त्यांच्या अध्येमध्ये घुसायचं नाही. आणि पाण्यावर थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली तरंगताना दिसली तर कचरा समजू नका, खाली आमचं जाळं असतं. एकटी असेल तर लांबून वळसा. ओळीने असतील तर ओळीचं टोक शोधून तिकडून. पंख्यात जाळं गेलं तर तुमचं इंजिन जातं आणि आमचं जाळं. सुरी हाताशी ठेवा, पण ती आमच्या जाळ्यावर चालवायच्या आधी शंभर वेळा विचार करा. या सगळ्यामुळे अंधारात चालवूच नका.

कायदेशीर_कटकट

आणखी एक कटकट. मांडव्याहून दक्षिणेला गेलात तर मुंबई बंदराचं चॅनेल आडवं येत नाही, हे नशीब. पण हाच उत्साह ‘चला गेटवेला जाऊन येऊ’ कडे वळेल, तेव्हा लक्षात ठेवा: अरुंद चॅनेलमध्ये २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ओलांडायचं तर काटकोनात, झटपट, आणि जहाजाच्या मागून. नौदलाच्या हद्दीत फोटो काढायला रेंगाळू नका.

सिंहगडरोडवाली

निघताना इंजिनाच्या मागे बघा, बोटाएवढी पाण्याची धार उडताना दिसली पाहिजे. ती म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय. धार बारीक झाली किंवा थांबली की लगेच बंद. बऱ्याचदा प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. परत आल्यावर इंजिनात गोडं पाणी फिरवायचं काम खलाशावर ढकलू नका. आणि पेट्रोल तीन भागांत मोजा, एक जायला, एक यायला, एक हात न लावायला.

कोथरूडचा_खलाशी

सगळ्यांचं वाचून आज आईबरोबर बसून हिशोब केला. चूक असेल तर सांगा.

अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराला, म्हणजे अकराला रेवदंड्यात शिरणं सोयीचं, पण तेव्हा उधाण, प्रवाह जोरात. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, प्रवाह मऊ, पण भरती सहाला आणि ओहोटी बाराला, म्हणजे अकराला पाणी तळाला. दशमी-एकादशीला साडेसात-सव्वाआठला भरती, आम्ही पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं. राहिली चतुर्थी-पंचमी. चार पाऊणे तीन. भरती तीनला, ओहोटी पावणेनऊच्या सुमाराला. साडेआठला मांडवा सोडलं तर साडेदहाला खाडीच्या तोंडाशी, पाणी चढतंय, खारा वारा अजून सुरू नाही. दुसऱ्या दिवशी पंचमीला सकाळी पोहे वगैरे खाऊन नऊला परत.

मुरूड या खेपेला रद्द. बायकोने आधीच केलं होतं, मी आज मान्य केलं.

थळवाला

जाण्याचा हिशोब पक्का. येण्याचा नाही. पंचमीला ओहोटी साडेनवाला, म्हणजे पोहे खाऊन नऊला निघालात तर खाडीच्या तोंडाशी सगळ्यात कमी पाणी. उजाडल्या उजाडल्या निघा, सातला. पाणी निम्मं असतं, ओहोटी आणि मतलई दोन्ही बाहेरच्याच दिशेला, समुद्र सपाट. नवाच्या आत मांडव्याला. पोहे तिथे खा.

जुना_बोसन

अनुमोदन. आणि त्या खलाशाला नुसतं बसवून ठेवू नका. मांडव्याला लागताना चाक तुमच्याकडे, तो शेजारी उभा. निघायच्या आदल्या दिवशी तासभर नुसतं धक्क्याला लागा आणि सुटा. वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर सुटताना नाळेपासून मागच्या खुंट्याला एक तिरका दोर ठेवा, नाळेला फेंडर, चाक धक्क्याकडे, पुढचा गिअर हळू. मागची बाजू आपोआप बाहेर येते. मग दोर सोडून रिव्हर्समध्ये निघा.

पेठेतला_पाहुणा

कालनिर्णय उघडलं. डिसेंबरातली तुमची वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. रेवदंड्याला उतरून चौघे चंद्रोदयाची वाट बघणार, आणि शेजारच्या होडीत ताजी सुरमई तळणार. जमणार आहे का?

कोथरूडचा_खलाशी

बायको म्हणते शुद्ध चतुर्थी बघा.